हिराआत्याची हनुवटी आणि एक फुकटचं बटण

हिराआत्यावर अन्याय झाला तो दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी सात वाजायला दहा मिनिटं असताना, मानकोलीच्या एका गोदामाच्या दोन नंबरच्या गेटवर. सात वर्षं ज्या गेटमधून ती आत गेली, त्याच गेटवरून तिला सगळ्या बायांसमोर परत फिरवलं, हा फोटो तुझा नाही असं सांगून. कामगारांच्या मागण्यांची पत्रकं लिहायला मी सतराव्या वर्षी शिकले आणि पत्रकाचा पहिला नियम मला अजून पाठ आहे: कोणावर झालं, कधी झालं, कोणी केलं, हे पहिल्या चार ओळींत आलं पाहिजे. दोन गोष्टी सांगून झाल्या. तिसरी ही, की ते मी केलं. माझ्या नव्या लॅपटॉपवर, फुकटात मिळालेल्या सॉफ्टवेअरने, आणि चांगल्या हेतूने.

मी आज सत्तावीस वर्षांची आहे. बाबा म्हणतात, हे काय आठवणी लिहायचं वय आहे का, आधी चार पावसाळे बघ. पण मी आजवर दुसऱ्यांच्या चुकांवर इतकी पत्रकं वाटली आहेत की माझ्या चुकीवरचं एक तरी लिहून ठेवायला हवं, आणि केस पिकेपर्यंत थांबलं की माणूस स्वतःला माफ करून मोकळा होतो. तेव्हा आत्ताच लिहिते.

आमचं घर भिवंडीजवळच्या वळ गावात. ओटी, मधली खोली, स्वयंपाकघर आणि मागे मोरी. ओटीवर बसलं की पूर्वी भातशेत दिसायचं म्हणतात. मला आठवतं तेव्हापासून गोदामाची निळी भिंतच दिसते. आमच्या घरात घड्याळ होतं, पण ते बघायचं कोणी नाही. पहिल्या शिफ्टचा भोंगा झाला की आई चहा टाकायची, कंटेनर मागे घेताना टीं टीं वाजायला लागला की माल उतरायची वेळ झाली, म्हणजे दहा वाजले. ट्रकचे ब्रेक फुस्सकन सुटायचे आणि आमच्या मांडणीतली स्टीलची ताटं थरथरायची. आई म्हणायची, शिंकला मेला. या आवाजांत मी वाढले, अभ्यास केला, आणि खरं सांगते, सुट्टीच्या दिवशी ते बंद असले की मला झोप लागायची नाही.

हिराआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. माझ्या जन्माआधीच ती एक पत्र्याची पेटी घेऊन माहेरी परत आली होती. का आली हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. घर बाबांचं, चूल आईची, देव्हारासुद्धा आईचा. आत्याच्या नावाचं घरात काही नव्हतं. तिचं जे काही होतं ते गोदामात होतं: पॅकिंगच्या हॉलमधलं खिडकीजवळचं चौथं टेबल. त्या टेबलावर ती चपलांच्या जोड्या खोक्यात भरायची आणि लेबल चिकटवायची. घरी आल्यावर ती टेबलाबद्दल असं बोलायची जसं दुसऱ्या बाया सुनेबद्दल बोलतात. आज कोणी तरी माझ्या टेबलावर पाण्याची बाटली सांडली. आज माझ्या टेबलाचा पाय हलत होता, मी पुठ्ठा घालून आले. पहाटे उठून ती तांदळाच्या भाकऱ्या थापायची, सोबत जवळ्याची चटणी, आणि डबा बांधताना अर्धी भाकरी जास्तीची, कारण टेबल नंबर पाचवरच्या बाईचा डबा नेहमी कमी असायचा.

त्या दिवाळीत बाबांनी मला लॅपटॉप घेऊन दिला. मी तेव्हा एकवीसची, शेवटच्या वर्षाला. लक्ष्मीपूजनाला आईने तो पाटावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं, आणि मी ओरडायच्या आत थोडं कुंकू कळांच्या फटीत गेलं. 'एल' ची कळ पुढे कायम जरा अडकायची. आत्या लांबून बघत होती. तिने विचारलं, यात काय काय होतं. मी म्हटलं, सगळं होतं. हे उत्तर किती मोठ्या तोंडाचं होतं ते आठ-दहा दिवसांत कळणार होतं.

दिवाळी संपली आणि गोदामाचा ठेकेदार बदलला. जुना गेला, त्याच्याबरोबर जुना वॉचमन गेला, जो बायांना नावाने हाक मारायचा. नव्या ठेकेदाराने फर्मान काढलं: सगळ्यांनी नवा फॉर्म भरायचा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो लावायचा, आणि सोमवारी दुपारी तीनपर्यंत जिची नोंद होईल तिचंच काम पुढे चालू, बाकीच्यांनी नव्याने रांगेत उभं राहायचं. आमच्या आळीतल्या अकरा बाया त्या गोदामात होत्या. सगळ्यांचे एकदम फोटो काढायला स्टुडिओत जायचं म्हणजे एक रोज बुडणार. मी ओटीवर उभी राहून जाहीर केलं की फोटो मी काढणार, फॉर्म मी भरणार, कोणी एक पैसा द्यायचा नाही. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी स्वतःच आंदोलन पुकारलं होतं.

म्हणजे आता प्रश्न उरला तो सॉफ्टवेअरचा. आमच्या खिडकीच्या गजांना चादर बांधून मोबाईलवर फोटो काढता येतात हे मला माहीत होतं. पण चादरीवरच्या घड्या पुसायच्या, मागचा भाग पांढराशुभ्र करायचा, चेहरा नेमक्या मापात कापायचा आणि एका कागदावर आठ-आठ फोटो बसवायचे, हे कशात करतात ते माहीत नव्हतं. मी भिवंडीत सलीमभाईंच्या दुकानात गेले. सलीमभाई कॉम्प्युटर दुरुस्त करतात, प्रिंट काढून देतात आणि मधल्या वेळात आजूबाजूच्या लूमवाल्यांच्या मुलांना परीक्षेचे फॉर्म भरून देतात. त्यांच्या दुकानात बोलायचं तर जरा ओरडावं लागतं, कारण भिंतीपलीकडे माग चालू असतात. त्यांनी एक पेनड्राइव्ह काढला आणि सांगितलं की यात ते मोठं, सगळ्या जगात चालणारं सॉफ्टवेअर आहे, कुलूप तोडलेलं, सगळे हेच टाकतात. मी त्यांना चोरीच्या मालावर पाच मिनिटं भाषण दिलं. कामगाराच्या श्रमाची चोरी आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या श्रमाची चोरी यांत फरक काय, असं बरंच. ते शांतपणे ऐकत राहिले, मग म्हणाले, "ठीक है बेटी, मत डालो. मगर जो भी डालोगी, असली फोटो को हाथ मत लगाना. पहले कॉपी बनाना, कॉपी पे काम करना." मला वाटलं, भाषण झोंबलं म्हणून विषय बदलतायत. त्यांचं वाक्य मी दुकानातच सोडून आले.

घरी येऊन मी शोधायला बसले, आणि ते दोन दिवस, खोटं कशाला बोलू, मला फार आवडले. इतकं कुतूहल मला कॉलेजच्या कुठल्या विषयाने दिलं नव्हतं. पहिलं बघितलं ते हेच मोठं, नामांकित सॉफ्टवेअर, सरळ मार्गाने. तेव्हा कळलं की ते विकतच मिळत नाही. दर महिन्याला भाडं भरायचं. भाडं थांबलं की ते बंद. सात दिवस वापरून बघा म्हणाले, पण त्याआधी बाबांच्या कार्डाचा नंबर द्या. माझ्या आतली पत्रकवाली भडकली. आमच्या गावात जमिनी भाड्याने, गाळे भाड्याने, आता फोटो कापायची कात्रीपण भाड्याने. मी ते बंद केलं, पण बंद करण्याआधी अर्धा तास त्यांच्या जाहिरातीतली चित्रं बघत बसले, हेही लिहायला हवं.

दुसरं होतं ते नेटवरच चालणारं, काही उतरवून घ्यायला नको. त्यात रंजनाकाकीचा फोटो टाकला. रंजनाकाकी म्हणजे शेजारची, आत्याची मैत्रीण, तोंडाने फटकळ. काम झकास झालं, पण फोटो उतरवला तर तिच्या कपाळावर आडवं त्या कंपनीचं नाव उमटलेलं. ते काढायचं तर पैसे भरा. काकी बघून म्हणाली, गोदामवाल्यांनी कपाळावर शिक्का मारायचा बाकी ठेवला होता, तो ह्यांनी मारला. मग आमच्याकडचं नेट गेलं, ते संध्याकाळपर्यंत आलं नाही.

तिसरं मला एका मैत्रिणीने सुचवलं. जगभरातल्या लोकांनी मिळून, पगार न घेता, लिहिलेलं. कोणीही घ्या, कोणालाही द्या, आत काय आहे तेही उघडून बघा. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. हे तर आपलंच, असं वाटलं. पण ते उघडायलाच चहाला उकळी यायला लागतो तेवढा वेळ लागला, आणि उघडल्यावर सुताराच्या खोलीत शिरल्यासारखं झालं: चारी बाजूंनी हत्यारं, एकाचंही नाव ओळखीचं नाही. त्यात थर असतात हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. खाली मूळ फोटो, त्यावर काचेसारखा एक थर, त्यावर तुम्ही काय करायचं ते करा, खालच्याला धक्का लागत नाही. नको झालं तर वरचा थर उचलून टाका. मला ते फार सुंदर वाटलं. मी आत्याला बोलावून दाखवलं. भाकरीचा पापुद्रा सुटतो तसं, ती म्हणाली. पण दोन तास खटपट करूनही मला एक फोटो नीट चौकोनात कापता येईना. तत्त्व पटलं होतं, हात बसत नव्हता, आणि रविवार उजाडला होता.

रविवारी सकाळपासून ओटीवर बाया. आदल्या दिवशीचे फोटो मोबाईलमधून लॅपटॉपवर घेतले होते आणि मोबाईलची जागा भरली म्हणून मोबाईलमधले पुसून टाकले होते. एका बाजूला मी फॉर्म भरत होते. नाव, वय, पत्ता, आणि एक रकाना, ओळखीची खूण. रंजनाकाकीने डावा हात पुढे केला, दिव्याच्या काचेने भाजल्याचा डाग होता. दुसऱ्या एकीने केसांखालची खोक दाखवली, नवऱ्याने मारली असं लिही म्हणाली, सगळ्या हसल्या, मी नुसतं खोक लिहिलं. आत्याची पाळी आली. तिच्या हनुवटीवर गोंदणाचे पाच ठिपके, चार कोपऱ्यांना चार आणि मधे एक, काळसर हिरवे. मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं: हनुवटीवर गोंदणाचे पाच ठिपके. हे मी माझ्या हाताने लिहिलं, सकाळी अकराच्या सुमाराला.

दुपारी मला चौथं सॉफ्टवेअर सापडलं. छोटं, गुळगुळीत, फुकट, कपाळावर शिक्का न मारणारं. त्यात एकच मोठं गोल बटण होतं, आणि ते दाबलं की मागचा भाग पांढरा, माप बरोबर, उजेड सारखा, आणि वर लिहिलेलं: डाग काढा, चेहरा खुलवा. रंजनाकाकीवर करून बघितलं. काकी दहा वर्षांनी लहान झाली. बाया लॅपटॉपवर वाकल्या. माझं नाक जरा बारीक होतं का बघ. मला पण गोरी कर गो. काकी म्हणाली, इतकी नको, नवरा घरात घेणार नाय. मी खाली बघितलं तर 'सगळ्या फोटोंना एकदम लावा' असंही होतं. मी ते दाबलं. एक पट्टी डावीकडून उजवीकडे भरत गेली आणि अकराच्या अकरा फोटो त्याच नावाने, त्याच जागी, जुन्यांवर नवे होऊन बसले. मी एकेक उघडून बघितला नाही. कशाला बघू, मशीनने केलं होतं.

संध्याकाळी सलीमभाईंकडे प्रिंट काढले. घरी आले तेव्हा आत्या परातीत पीठ मळत होती, हात भरलेले. म्हणाली, तूच चिकटव. मी चिकटवला. इतक्या लहान चौकोनात, डिंक लावायच्या घाईत, मी तिच्या डोळ्यांकडेही बघितलं नाही, हनुवटीकडे कुठून बघणार.

सोमवारी मी गेटवर होते, कारण त्या दिवशी माझं पत्रक होतं. नव्या ठेकेदाराकडून काय हवं: बायांसाठी वेगळा संडास, पिण्याचं पाणी, बसायला स्टूल. सकाळचं धुकं होतं, ट्रकची रांग नाशिक हायवेपर्यंत. पत्रकं वाटताना मला गेटजवळ गडबड दिसली. नवा वॉचमन, जौनपूरकडचा, विशीतला, आत्याचा फॉर्म हातात धरून उभा होता आणि आत्या बाजूला, डबा छातीशी धरून. रंजनाकाकी आत जाऊन पुन्हा बाहेर आली होती आणि त्याला समजावत होती. मी धावत गेले आणि सुरू झाले. मी त्याला काय काय बोलले ते आज लिहायलाही लाज वाटते. बायांचा अपमान, ठेकेदाराचा कुत्रा, गरीब माणूस गरिबाला लुटतो, सगळं. मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते, ते मला टाळ्यांसारखे वाटत होते. त्याने मला थांबवलं नाही. माझा श्वास संपल्यावर फॉर्म माझ्यासमोर धरला.

"मैडम, पढ़ लीजिए. हनुवटी मुझे मालूम नहीं था, मैंने आंटी से ही पूछा. बोलीं ठुड्डी. ठुड्डी पे पाँच निशान लिखा है, आंटी के पाँच हैं. फोटो में एक भी नहीं. तो फोटो किसका है?"

मी फोटो बघितला. आत्याचेच डोळे, आत्याचेच कान, कानांतल्या तिच्याच कुड्या, आणि खाली एक स्वच्छ, सपाट, कोणाचीच नसलेली हनुवटी. वर माझं अक्षर. वॉचमन म्हणाला की नवीन ठेका आहे, एका नावावर दुसरी बाई आत गेली तर पहिली त्याची नोकरी जाते. सुपरवायझरला विचारलं, तो नको म्हणाला. तीनच्या आत बरोबर फोटो आणा. तो बरोबर होता. मला त्या सकाळी सगळ्यात जास्त राग आला तो त्याच्या बरोबर असण्याचा. आत्या एवढंच बोलली, "चल घरी. त्याला वरडू नको, त्याची ड्युटी हाय."

रिक्षात तिने डबा मांडीवर घेतला. मी आठ-दहा वेळा माझं चुकलं म्हणाले. पहिल्यांदा मी सॉफ्टवेअरला शिव्या दिल्या, कुठल्या तरी गारेगार ऑफिसात बसून कोणी ठरवलं की गोंदण म्हणजे डाग. त्यांनी कधी आगरी बाईचं तोंड बघितलं असेल का. ही गोष्ट खरी आहे आणि मी ती आजही प्रत्येक सभेत सांगते. पण बटण माझ्या घरात, माझ्या बोटाने दाबलं होतं, आणि मी तर ते तोंड रोज बघत होते.

घरी आल्यावर मला वाटलं ती आतल्या खोलीत जाऊन पडेल. ती माझ्या शेजारी लॅपटॉपसमोर बसली आणि म्हणाली, मना बघू दे. कशाला बघतेस, मी म्हटलं, मी आधी ते पुसते. ती म्हणाली, पुसायच्या आधी बघू दे. मी फोटो पूर्ण पडदाभर मोठा केला. ती पुढे वाकली. चष्मा मागितला. बराच वेळ बघत राहिली, एकदा स्वतःच्या हनुवटीवरून बोट फिरवलं आणि एकदा पडद्यावरच्या. मी रडायच्या बेतात होते आणि तिच्या चेहऱ्यावर मला रागाचं नाव दिसेना. ती पाहुण्या बाईकडे बघावं तशी बघत होती. मग म्हणाली की ती नऊ वर्षांची असताना गोंदणारीण आली होती, तिच्या आज्जीने दोन्ही हात धरून ठेवले, दुसऱ्या बाईने डोकं, आणि सुया टोचल्या. तीन दिवस तोंड सुजून भाकरी चावता आली नाही, पेजेवर होती. त्यानंतर तिने स्वतःची ठिपक्यांशिवायची हनुवटी आज पहिल्यांदा बघितली. भावासारखी, म्हणजे माझ्या बाबांसारखी दिसते, म्हणाली. बाबांचीच हनुवटी. हे कोणाला माहीतच नव्हतं.

मग ती जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण माझ्या सगळ्या पत्रकांत मिळून असं एक वाक्य नाही.

"तवा पन मना कोनी इचारला न्हाय, काल पन कोनी इचारला न्हाय."

मी म्हटलं, आता विचारते. नव्या फोटोत ठिपके ठेवू का? ती हसली. म्हणाली, आता ते माजे हायत, ठेव. पण ह्यो पन ठेव बाजूला, कधी वाटला तर बघीन. मी तिचा तो बिनठिपक्यांचा फोटो वेगळ्या नावाने ठेवला. तो अजून माझ्याकडे आहे आणि तिच्याशिवाय कोणाला मी तो दाखवत नाही.

आईने चादर पुन्हा गजांना बांधली. मी नवा फोटो काढला, आणि या वेळी आधी त्याची कॉपी केली. गुळगुळीत बटणवालं काढून टाकलं आणि ते अवघड, लोकांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर उघडलं. आत्या शेजारी. मी प्रत्येक हत्यारावर बाण नेऊन तिला सांगायचे की हे काय करतं असं मला वाटतं, ती म्हणायची करून बघ. चादरीच्या घड्या पुसताना एकदा तिचा कान गेला. ती म्हणाली, आता फॉर्मवर लिही, एक कान न्हाय. मी मागे घेतलं. मधेच आईने दोघींच्या पुढ्यात उरलेल्या करंज्या आणून ठेवल्या, खाऊन घ्या, मशीन पळून जात नाही. थरावर थर ठेवत, चुकत, मागे जात, साडेबारा वाजता आमचा फोटो झाला. त्यात तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं होती, गालावर तांबडा चट्टा होता, आणि पाच ठिपके होते. प्रत्येक गोष्टीवर मी विचारलं आणि प्रत्येक गोष्टीवर तिने उत्तर दिलं. चट्टा मात्र जरा कमी कर म्हणाली. मी केला.

मी पळत प्रिंट काढून आणला. अडीच वाजता आम्ही गेटवर होतो. त्या वॉचमनने फॉर्म घेतला, बोटाने फोटोवरचे ठिपके मोजले, मग आत्याच्या तोंडावरचे, मान हलवली आणि नोंद केली. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, कोई बात नहीं, और लोग तो मारने आते हैं.

आत्याचं नाव यादीत राहिलं, पण टेबल गेलं. सकाळी सातला जी जागेवर होती तिला टेबल, असा नियम निघाला. चौथ्या टेबलावर खारबावची एक नवी मुलगी बसली होती. आत्याला माल उतरवायच्या बाजूला पाठवलं, उभ्याने काम, खोकी उचलायची. मी भांडले, पत्रक काढलं, सुपरवायझरला भेटले. काही झालं नाही. वय बावन्न, आणि ती पुढची तीन वर्षं उभी राहिली, गुडघे गेले तेव्हा घरी बसली. तिने मला एकदाही बोलून दाखवलं नाही. खारबावच्या मुलीला मात्र तिने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, टेबलाचा पाय हलतो, खाली पुठ्ठा घाल.

आज माझ्याकडे कोणी विचारायला आलं, नवा लॅपटॉप घेतलाय, फोटोसाठी कुठलं सॉफ्टवेअर टाकू, फुकटचं की स्वस्तातलं, तर मी त्यांना भाड्याचं काय, शिक्क्याचं काय, लोकांनी लिहिलेलं काय, सगळं नीट सांगते. हात बसायला वेळ लागतो तेही सांगते, कारण ते कोणीच सांगत नाही. आणि मग ते निघायच्या आत त्यांच्याकडून एक काम करवून घेते. तेच तुमच्याकडून करवून घेणार आहे, तेव्हा पान उलटू नका.

तुमच्या मोबाईलमध्ये, लॅपटॉपमध्ये, तुमच्या घरातल्या किंवा शेजारच्या कोणत्या तरी बाईचा फोटो आहे, जो तुम्ही तिला न विचारता उजळ केलाय, गुळगुळीत केलाय, कुठे तरी पाठवलाय, कुठल्या तरी कागदावर चिकटवलाय. आत्ता उठा. तो उघडा. तिला हाक मारा, हातातलं काम सोडायला लावा, शेजारी बसवा, आणि एकेका गोष्टीवर बोट ठेवून विचारा, हे ठेवू का काढू. ती सांगेल ते करा. ती गप्प राहिली तर थांबा, घाई करू नका. मगच बटणाला हात लावा.